पन्नाशीनंतरचे ऑलिंपिक वेटलिफ्टिंग : सरावाचे वेळापत्रक कसे आखावे?

दांडीबहाद्दर

नमस्कार. वय ५८, वजन ७९ किलो, मुक्काम पुणे. (सदस्यनामावरून गैरसमज नको. सरावाला दांडी मारण्याशी त्याचा संबंध नाही, निदान आता तरी नाही.) या धाग्याचा विषय स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेणे) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर झेलणे ती क्लीन, तेथून डोक्यावर नेणे तो जर्क) या दोन उचली आणि त्या पन्नाशीनंतर कशा कराव्यात, एवढाच आहे. जिममध्ये जाऊन प्रकृती राखण्याविषयी येथे पुष्कळ लिहिले गेले आहे, ते या धाग्यात नको.

मी १९८६ साली पेठेतल्या एका व्यायामशाळेत उचलायला लागलो. तेथे रबरी प्लेटा नव्हत्या, बिडाच्या होत्या. डोक्यावर नेलेले वजन हातांनीच सावकाश खाली आणावे लागे, कारण फरशी फुटली तर ती वर्गणी काढून बसवावी लागे. १९९४ साली, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले त्या वर्षी, मी २७ वर्षांचा होतो आणि माझी स्नॅच ९५ व जर्क १२० किलोपर्यंत गेली होती. पुढे भोसरीतली पाळीची नोकरी आणि संसार यांत ती सुटली ती सुटलीच. २०१७ साली, पन्नासाव्या वर्षी, मी पुन्हा बारला हात लावला.

परतलेले बहुतेक जण जी चूक करतात तीच मी केली. माळ्यावरून जुनी वही काढली आणि तिच्यातला आठवड्यातल्या सहा दिवसांचा सराव, आकडे तेवढे कमी करून, जसाच्या तसा सुरू केला. पहिले पाच महिने फार आनंदात गेले, कारण एकदा कमावलेला स्नायू लवकर परत येतो आणि वजने दर पंधरवड्याला वाढत होती. कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) मात्र स्नायूच्या गतीने घट्ट होत नाही, हे मला सहाव्या महिन्यात कळले. दोन्ही गुडघ्यांच्या वाटीखालची कंडरा दुखू लागली, ती आठ महिने दुखत राहिली, आणि त्या काळात मी जिना उतरतानाही कठडा धरत होतो.

त्यानंतर बऱ्याच खटपटीने मी ज्या निष्कर्षाला आलो तो असा : या वयात कमी करायचे ते वजन नव्हे, वेळापत्रक बदलायचे. आठवडा सात दिवसांचा असतो हे पंचांगाला ठाऊक आहे, गुडघ्याला नाही. जड स्नॅचनंतर तिशीत मला ४८ तास पुरत, आता चार दिवस लागतात, आणि चार दिवसांचे अंतर सातांत नीट बसत नाही. म्हणून मी नऊ दिवसांचे चक्र धरले आहे आणि त्यात चार सत्रे करतो.

पहिल्या दिवशी स्नॅच, कमाल वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंत एकेक किंवा दोन-दोन उचली, आणि मग फ्रंट स्क्वॉटचे (बार खांद्यांवर पुढे धरून बैठका) तीन-तीनचे तीन सेट. तिसऱ्या दिवशी हलके काम, म्हणजे ६० ते ६५ टक्क्यांवर पॉवर क्लीन (पूर्ण खाली न बसता झेललेली क्लीन), पुश प्रेस (गुडघ्यांचा हलका झटका देऊन बार खांद्यावरून डोक्यावर ढकलणे) आणि पाठीचे व्यायाम. पाचव्या दिवशी क्लीन अँड जर्क, पुन्हा ८५ टक्क्यांपर्यंत, आणि त्यानंतर स्नॅच पुल, म्हणजे बार स्नॅचसारखा नुसता वर खेचायचा, डोक्यावर न्यायचा नाही. हे पुल मी स्नॅचच्या कमाल वजनापेक्षा जड करत नाही. तरुण मुले ११० टक्क्यांनी करतात, पण माझी कंबर त्याची किंमत दोन चक्रे वसूल करते. सातव्या दिवशी मांडीच्या उंचीवरून पॉवर स्नॅच आणि बॅक स्क्वॉटचे (बार पाठीवर घेऊन बैठका) पाच-पाचचे तीन सेट. आठवा आणि नववा दिवस पूर्ण मोकळा. मधल्या सुटीच्या दिवशी मी टेकडीवर चालायला जातो, मात्र उतारावर धावत नाही.

अशी तीन चक्रे झाली की चौथे हलके. त्यात सत्रे तेवढीच, उचली निम्म्या आणि वजन ७५ टक्क्यांच्या वर नाही. तिसऱ्या चक्रात फक्त एकदा ९३-९५ टक्क्यांपर्यंत जातो. सध्या माझी स्नॅच ६४ आणि जर्क ८२ आहे, आणि गेल्या तीन वर्षांत दुखण्यामुळे एकही चक्र बुडालेले नाही. इतरांनी, विशेषतः साठी ओलांडलेल्यांनी, आपापली पद्धत लिहावी.

गणिती

वय ४४, लिफ्टिंगची सुरुवात चाळिशीत. दोन शंका आहेत. सोव्हिएत प्रशिक्षक प्रिलेपिन यांच्या तक्त्यात ८० ते ८९ टक्क्यांच्या पट्ट्यासाठी एका सत्रात १० ते २० उचली दिलेल्या आहेत आणि १५ ही इष्ट संख्या मानलेली आहे. आपण त्या पट्ट्यात नेमक्या किती उचली करता? आणि दुसरे, हे टक्के कशाचे धरायचे? माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आयुष्यातल्या सर्वोत्तम उचलीवरून टक्के काढतात आणि दर महिन्याला फिजिओकडे दिसतात.

दांडीबहाद्दर

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते गणितच आहे. माझी आयुष्यातली सर्वोत्तम स्नॅच ९५. तिचे ८० टक्के म्हणजे ७६. माझी आजची कमाल ६४ आहे. म्हणजे जुन्या आकड्यावर चाललो तर ज्याला 'मध्यम' म्हणायचे ते वजन मला उचलताच येणार नाही. टक्के गेल्या तीन महिन्यांत, सरावात, स्वच्छ उचललेल्या वजनाचे धरावेत. त्याहून जुना आकडा नातवंडांना सांगायला ठेवावा.

प्रिलेपिन यांचा तक्ता उत्तम आहे, परंतु तो ज्यांच्या नोंदींवरून तयार झाला ते विशीतले निवडक सोव्हिएत लिफ्टर होते आणि लिफ्टिंग हाच त्यांचा दिनक्रम होता. मी त्या तक्त्याची खालची मर्यादा हीच आपली वरची मर्यादा मानतो. ८० टक्क्यांच्या वर एका सत्रात सहा ते आठ उचली, फारच हलके वाटले तर दहा. बल्गेरियाचे प्रशिक्षक आबाजिएव्ह आपल्या खेळाडूंना जवळजवळ रोज कमाल वजनापर्यंत नेत, आणि त्याची भुरळ आपल्यापैकी अनेकांना पडते. पण ते खेळाडू शिबिरात राहून दिवसातून अनेकदा सराव करत आणि मधल्या वेळात झोपत. आपण मधल्या वेळात स्वारगेटच्या चौकात उभे असतो.

टक्क्यांपेक्षाही मला उपयोगी पडलेली खूण वेगळीच आहे. ७० टक्क्यांचे वजन छातीच्या उंचीला पोहोचताना बार रेंगाळला, तर त्या दिवशी मी ७५ च्या वर जात नाही, वहीत काहीही लिहिलेले असो. रेंगाळणे स्वतःला कळत नाही, म्हणून मोबाइल बाजूला उभा करून चित्रण करतो.

तालीमकर

वय ७१. लहानपण शुक्रवार पेठेत तालमीच्या मातीत गेले, नंतर काही वर्षे वजनेही उचलली. आमच्या वेळी उचली तीन होत्या. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस (बार खांद्यावरून हातांच्या जोराने डोक्यावर नेण्याची तिसरी उचल) काढून टाकली, आणि माझ्या मते त्या दिवशी या खेळाची अर्धी शान गेली, पण तो विषय येथे नको.

दांडीबहाद्दर यांच्या चिकाटीचे कौतुक वाटले, तरीही मूळ कल्पनेशी मी सहमत नाही. चाळिशीनंतर पैलवान आखाड्याच्या काठावर बसतो, पोरांच्या जोडी लावून देतो, आणि स्वतः जोर, बैठका, मुद्गल यांवर शरीर राखतो. त्यात कमीपणा नसतो. मी आजही ५० जोर आणि १०० बैठका काढतो, पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढतो. ५८ व्या वर्षी लोखंड झटक्याने डोक्यावर फेकून असे काय मिळते, जे बैठकांतून मिळत नाही? हा प्रश्न टोमणा म्हणून विचारलेला नाही.

पहाटपाळी

मी लिफ्टिंग शिकवतो. पहाटे मुलांची तुकडी असते आणि सातनंतर चाळिशीपुढची मंडळी येतात. तालीमकर काकांच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवे.

वय वाढते तसे स्नायू आक्रसतात, पण सगळे तंतू सारखे आक्रसत नाहीत. ज्यांच्यामुळे झटकन जोर लावता येतो ते जलद तंतू अधिक आक्रसतात, आणि म्हणून उतारवयात ताकदीपेक्षा वेग लवकर घटतो. बसमधून उतरताना पाय घसरला तर स्वतःला सावरायला क्षणाचा अंशच मिळतो. तेथे १०० बैठकांचा दम कामी येत नाही, एका झटक्याचा जोर कामी येतो. संथ बैठका तो जोर घडवत नाहीत आणि स्नॅच तोच घडवते. राहिला वयाचा प्रश्न. अमेरिकेचे नॉर्बर्ट शेमान्स्की यांनी १९४८ साली रौप्य, १९५२ साली सुवर्ण, १९६० साली कांस्य मिळवले आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चाळिसाव्या वर्षी आणखी एक कांस्य मिळवले. अर्थात तो अपवाद आहे आणि अपवादावर वेळापत्रक आखता येत नाही, हे मला मान्य आहे.

मात्र मुद्गलाच्या बाबतीत काका पूर्ण बरोबर आहेत. माझ्या प्रौढ तुकडीचा सराव हलक्या मुद्गलानेच सुरू होतो, कारण खांदा सगळ्या दिशांनी फिरवणारा त्यापेक्षा चांगला प्रकार मला सापडलेला नाही.

आता दांडीबहाद्दर यांनी जे लिहिले नाही ते लिहितो. पूर्ण बैठकीतल्या स्नॅचसाठी घोटा, खुबा, पाठीचा वरचा भाग आणि खांदा अशी चारही ठिकाणे मोकळी लागतात. वीस वर्षे खुर्चीत बसलेल्या माणसाची त्यांतली किमान दोन जखडलेली असतात, आणि जेथे हालचाल मिळत नाही तेथली उणीव शरीर कमरेतून भरून काढते. कंबर दुखली की लोक पुलला दोष देतात, दोष बहुधा घोट्याचा असतो. टाच उंच असलेले लिफ्टिंगचे बूट ही चैन नसून या वयात गरज आहे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिले तीन महिने जमिनीवरून उचलू देत नाही. बार गुडघ्याच्या वर, लाकडी ठोकळ्यांवर ठेवून पॉवर स्नॅच आणि पॉवर क्लीन, एवढेच.

पण यातही एक सापळा आहे. पॉवर प्रकार सोयीचे वाटतात म्हणून काही जण कायम तेवढेच करतात, आणि दोन वर्षांनी त्यांना खाली बसून वजन झेलता येत नाही. म्हणून प्रत्येक सत्रात, हलके असो वा जड, मोकळा बार डोक्यावर धरून पूर्ण बैठकीचे तीन सेट झालेच पाहिजेत. तीन मिनिटांचे काम आहे.

तापवणीबद्दल (वॉर्म-अप) मी जरा कडक आहे. पंचविशीतला मुलगा पाच मिनिटांत तयार होतो, प्रौढाला २५ मिनिटे लागतात. डिसेंबर-जानेवारीत पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे बार हाताला चटका देण्याइतका गार असतो, तेव्हा ३५ लागतात. वेळ कमी असेल तर मुख्य उचलींतले सेट कापावेत, तापवणीतले नाहीत. आणि जर्कविषयी एक सूचना. पाय मागेपुढे टाकून केलेल्या जर्कमध्ये पुढचा पाय आयुष्यभर तोच राहतो आणि ताण एकाच गुडघ्यावर साचतो. हलक्या दिवशी पाय बदलून करावे. अंगठ्याच्या बुडाशी संधिवात असेल तर पुलसाठी पट्टे वापरावेत, मात्र क्लीनसाठी कधीही नाही, कारण पट्ट्यात अडकलेले मनगट वेळेवर सुटत नाही.

आणखी एक. पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये घडलेल्या जेरेमी लालरिनुंगा आणि अचिंता शेउली यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवल्यापासून त्यांच्या सरावाच्या चित्रफिती दाखवत माझ्याकडे येणारे पन्नाशीचे गृहस्थ वाढले आहेत. चित्रफीत तंत्रासाठी जरूर पाहावी. तिच्यातले वेळापत्रक आपल्यासाठी नाही.

तालीमकर

उत्तर पटले, निदान घसरण्यापुरते. गेल्या पावसाळ्यात मी मंडईत घसरलो होतो आणि सावरू शकलो नव्हतो. हे मघाशी लिहिले नाही.

एकसष्टी

सदस्यनाम म्हणजे वय. चोपन्नाव्या वर्षी हाडांची घनता तपासली तेव्हा टी-स्कोअर उणे २.१ आला. उणे एक ते उणे अडीच यांच्या मधल्या या टप्प्याला ऑस्टिओपेनिया म्हणतात. डॉक्टरांनी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि वजनाचे व्यायाम सांगितले. घराजवळच्या जिममधल्या प्रशिक्षकाने मला गुलाबी रंगाचे एक किलोचे डंबेल हातात दिले आणि त्यापेक्षा जास्त उचलायचे नाही असे बजावले. माझा नातू तेव्हा नऊ किलोंचा होता आणि मी त्याला दिवसभर कडेवर घेत होते, हे मी प्रशिक्षकाला सांगितले. त्याने विषय बदलला. लिफ्टिंगचा फलाट (वजने उचलण्याचा आणि टाकण्याचा मंच) असलेली जागा शोधायला पुढे चार महिने गेले.

नव्याने सुरुवात करणाऱ्या स्त्रियांसाठी दोन गोष्टी सांगते, ज्या मला उशिरा कळल्या. स्त्रियांचा बार वेगळा असतो, १५ किलोंचा आणि २५ मिलिमीटर जाडीचा. पुरुषांचा २० किलोंचा आणि २८ मिलिमीटरचा असतो. तीन मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण लहान हाताला अंगठ्यावर बोटे अडकवून पकड घ्यायची असेल तर सगळा फरक तेथेच पडतो. दुसरी गोष्ट प्लेटांची. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटांचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो आणि बार जमिनीपासून किती उंच राहतो हे त्यावर ठरते. नवशिक्या व्यक्तीने छोट्या लोखंडी प्लेटा लावल्या तर तिला नको इतके वाकावे लागते. पाच किलोंच्या पूर्ण व्यासाच्या प्लास्टिक प्लेटा मिळतात, त्या घ्याव्यात किंवा बार ठोकळ्यांवर ठेवावा.

माझे वेळापत्रक दांडीबहाद्दर यांच्याहून सैल आहे. मला मधुमेह आहे आणि पहिल्याच वर्षी डावा खांदा आखडला. त्या वर्षभर मी डोक्यावर काहीही नेले नाही. फक्त क्लीन पुल, फ्रंट स्क्वॉट आणि, खांद्याला सोसेल तेवढे, भिंतीवर बोटांनी चढणे. मला वाटले होते की सगळे मागे पडेल, पण खांदा सुटला तेव्हा पाय आणि पाठ इतकी तयार झाली होती की क्लीन पहिल्या महिन्यातच ३० वर गेली. आज स्नॅच २७ आणि जर्क ३६ आहे. मी दहा दिवसांत चार सत्रे करते, मात्र जड सत्राचा दिवस आधी ठरवत नाही. रात्री झोप सहा तासांच्या खाली गेली असेल तर ते सत्र आपोआप हलके होते. गौरी-गणपतीत सरावच होत नाही आणि त्याचे मी वाईट वाटून घेत नाही. ते माझे हलके चक्र.

हाडांची तपासणी तीन वर्षांनी पुन्हा केली, तेव्हा कमरेच्या मणक्यांचा आकडा उणे १.८ आला. औषधांचा वाटा किती आणि लोखंडाचा किती हे मी सांगू शकत नाही. दोन्ही सोडणार नाही.

सांधेवाला

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, स्वतः ५३ वर्षांचा हौशी लिफ्टर आहे. येथे कोणाचेही निदान करणार नाही, परंतु काही गोष्टी सर्वांना सारख्याच लागू आहेत.

पहिला मुद्दा रक्तदाबाचा. १९८५ साली कॅनडातल्या संशोधकांनी जड वजने उचलणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून प्रत्यक्ष दाब मोजला, तेव्हा दोन्ही पायांच्या लेग प्रेसमध्ये सरासरी दाब ३२०/२५० पर्यंत गेलेला आढळला. ते निरोगी तरुण होते आणि हा उसळलेला दाब काही क्षणांतच खाली आला. श्वास रोखून पोट ताठ करणे मणक्याच्या रक्षणासाठी आवश्यक आहे, ते सोडा असे मी म्हणणार नाही. पण ज्यांचा दाब औषधांनी नियंत्रणात आलेला नाही त्यांनी तो आधी आणावा. पाचाचे सेट टाळून एकेक-दोनदोन उचली कराव्यात आणि प्रत्येक उचलीनंतर पूर्ण श्वास घ्यावा. क्लीन करून उठताना बार गळ्यावर टेकतो आणि श्वासही रोखलेला असतो, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. तशी आली तर बार पुढे टाकून द्यावा, जर्क करू नये. मधुमेह्यांनी सुरुवातीपूर्वी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, कारण पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या आलेल्या असतील तर श्वास रोखून जोर लावताना तेथे रक्तस्राव होण्याचा धोका असतो. एकसष्टीताई, आपण ते केले असेलच.

दुसरा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविके कंडरा कमकुवत करू शकतात आणि क्वचित ती तुटूही शकते. साठीपुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ पासून यासाठी ठळक इशारा छापायला लावला आहे. लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गासाठी ही औषधे आपल्याकडे सर्रास लिहिली जातात. ती लिहिली गेली तर आपण वजने उचलतो हे डॉक्टरांना सांगावे, पर्याय विचारावा, आणि घ्यावीच लागली तर त्यानंतरचे काही आठवडे उड्या आणि जर्क बंद ठेवावेत. टाचेच्या मागे दुखू लागले तर लगेच दाखवावे. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनीही काहींचे स्नायू दुखतात. सराव बदललेला नसताना दोन्ही मांड्या सारख्याच दुखू लागल्या तर सरावाला दोष देण्यापूर्वी गोळ्यांची चौकशी करावी.

तिसरे, फसलेली उचल वाचवण्याचा मोह. सांगलीच्या संकेत सरगरचा कोपर २०२२ साली बर्मिंगहॅमला क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात दुखावला आणि २४८ किलोंच्या बेरजेसह त्याला रौप्यावर समाधान मानावे लागले. सुवर्ण अवघ्या एका किलोने गेले. तो २१ वर्षांचा होता आणि त्याच्यापुढे राष्ट्रकुलाचे सुवर्ण होते. तेथे जिवाच्या आकांताने वजन धरून ठेवणे समजू शकते. आपल्यापुढे गुरुवारची सकाळ असते. बार मागे गेला की हात सोडायचे आणि पुढे सरकायचे. हे सोडणे मोकळ्या बारने मुद्दाम शिकावे लागते.

आहाराबद्दल थोडक्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रथिनांची शिफारस प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम आहे. वजने उचलणाऱ्या साठीच्या माणसाने १.२ च्या आसपास जावे असे माझे मत आहे, मूत्रपिंडाची तपासणी ठीक असेल तर. वरणाच्या एका वाटीवर हे भागत नाही. दही, पनीर, अंडी, मोड आलेली कडधान्ये, जे घरात चालत असेल ते तिन्ही जेवणांत विभागून घ्यावे.

तिसरामजला

कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, वय ५१. बाल्कनीत जाड रबरी मॅट टाकून रबरी प्लेटांनी घरीच सराव केला तर चालेल का? खालच्या मजल्यावर सोसायटीचे सचिव राहतात.

पहाटपाळी

सचिव नसते तरी चालले नसते. रबरी प्लेटा फलाटाचे आणि बारचे रक्षण करतात, स्लॅबचे नाही, आणि बाल्कनी हा तर इमारतीचा सर्वांत नाजूक भाग. ६० किलो डोक्यावरून सोडण्यासाठी जमिनीवर बसवलेला फलाटच हवा. घरी मोकळ्या बारची बैठक, रॅकमधला स्क्वॉट, सावकाश खाली ठेवलेले पुल आणि पुश प्रेस करावी. नऊ दिवसांतली दोन जड सत्रे बाहेर करावीत. हातांनी वजन खाली आणत राहणे हा उपाय मुळीच नको. सोडून देता येण्यामुळे खांदे, कोपर आणि कंबर यांचे बरेच काम वाचते आणि आपल्या वयात ते वाचवणे हाच मोठा लाभ आहे. दांडीबहाद्दर यांच्या तरुणपणची फरशी त्यांच्या गुडघ्यांनी वाचवली असावी.

दांडीबहाद्दर

फरशी शाबूत आहे, मध्यंतरी जाऊन पाहून आलो.

सांधेवाला डॉक्टरांचे आभार. प्रतिजैविकांचे मला ठाऊक नव्हते. त्यांच्या मुद्द्याला जोडून स्पर्धेविषयी लिहितो, कारण व्यक्तिगत निरोपातून दोघांनी विचारले आहे. मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या, स्पर्धेत पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात. वेगवेगळ्या वजनाच्या आणि वयाच्या लिफ्टरांची तुलना करायची झाल्यास दोन्ही उचलींच्या बेरजेला शरीराचे वजन आणि वय यांचे गुणांक लावतात. त्यामुळे ७० वर्षांच्या गृहस्थांची लहान दिसणारी बेरीज ४० वर्षांच्या माणसाच्या मोठ्या बेरजेला मागे टाकू शकते, आणि मी ते होताना पाहिले आहे.

ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी तिच्यातले घटक आधी वाचावेत. अनेक मिश्र गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोर्थॅलिडोन हे लघवी वाढवणारे औषध असते, आणि लघवी वाढवणारी औषधे डोपिंगच्या यादीत प्रतिबंधित आहेत. वय साठ असले म्हणून नियम सुटत नाही. एकतर डॉक्टरांशी बोलून गोळी बदलावी किंवा उपचारार्थ वापराची रीतसर परवानगी घ्यावी. गोळी आपल्याच मनाने बंद करणे हा तिसरा मार्ग नाही. दुसरी बाब कोपराची. संधिवातामुळे किंवा जुन्या दुखापतीमुळे ज्यांचा हात पूर्ण सरळ होत नाही त्यांनी स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच पंचांना तो दाखवावा. नंतर लाल दिवा लागून उचल बाद झाल्यावर सांगून उपयोग होत नाही. वजन उतरवून खालच्या गटात जाण्याच्या फंदात तर पडूच नये. वजनतपासणी आणि पहिली उचल यांच्यात दोनच तास असतात, त्यात सुकवलेले शरीर भरून येत नाही.

एकसष्टी

डोळे दरवर्षी तपासते, डॉक्टर. पडदा स्वच्छ आहे.

दांडीबहाद्दर, एक शंका राहिली. आपण वजन वाढवता कधी? माझी स्नॅच सात महिन्यांपासून २७ वरच आहे. आणि तालीमकर काका, आपण फलाटावर येणार की नाही?

दांडीबहाद्दर

तिन्ही चक्रांत ८५ टक्क्यांवरची एकही उचल फसली नसेल, तरच चार चक्रांच्या पुढच्या फेरीत एक किलो वाढवतो. दोन नाही, एकच. स्नॅचला एक वाढवले तर त्या फेरीत जर्क तेथेच ठेवतो. अर्ध्या किलोच्या चकत्या मिळतात, त्या आपल्यासाठी अधिक योग्य. २७ किलोंना एक किलो म्हणजे जवळजवळ चार टक्के, माझ्या ६४ ला तीच वाढ दीड टक्का होते. २७.५ हा आकडा स्पर्धेत मांडता येत नाही, पण सरावात कोण पाहते. सात महिने अडकला असाल तर एका फेरीसाठी जमिनीवरची स्नॅच बंद करून ठोकळ्यांवरून २४-२५ ने वेगाने करावी आणि मग परत यावे. माझी ६१ वर अडली होती, ती अशीच सुटली.

तालीमकर

पहाटपाळी यांना निरोप पाठवला आहे. सोमवारी सात वाजता येतो. मुद्गल माझी मी आणीन, मला तीन महिने ठोकळ्यांवरून करायला लावले तरी चालेल. प्रेस मात्र शिकवायची गरज नाही.